चुकायचे तर घरच्या संगणकावर!



पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालात, की हडपसर मागे पडल्यावर थोड्याच वेळात मांजरी फार्म लागते. येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. ते १९९७ साली सुरू झाले. पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस या दोन जातींच्या संकरातून तयार झालेला 'मांजरी मेडिका' हा रसाचा वाण याच केंद्राचा. असा नवा वाण निघाला म्हणून तो लगेच शेतकऱ्याच्या हाती देत नाहीत. केंद्राच्या स्वतःच्या मांडवावर तो अनेक हंगाम वाढवून पाहतात. रोग पडला, घड लहान राहिले, तर नुकसान प्रयोगाच्या वेलीचे होते; कोणाच्या संसाराचे होत नाही.

आज आपण द्राक्षे लावणार नाही. पण मांजरीच्या मांडवाची ही रीत संगणकाच्या कामात कशी वापरतात, ते स्वतः करून पाहणार आहोत. त्यासाठी उदाहरणही मांजरीचेच घेऊ.

द्राक्षाची नोंदवही

द्राक्षावर भुरी, केवडा यांसारखे रोग पडतात. त्यांच्यासाठी औषधे फवारावी लागतात. फवारलेल्या औषधाचा अंश फळात किती उरला आहे, हे परदेशातील खरेदीदार काटेकोरपणे तपासतात. म्हणून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी 'अपेडा' या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेने २००६ च्या सुमारास 'ग्रेपनेट' नावाची इंटरनेटवरील नोंदव्यवस्था सुरू केली. शेतकऱ्याच्या बागेची नोंदणी, बागेतून घेतलेला नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल आणि शेवटची प्रमाणपत्रे या सर्व पायऱ्या त्या एकाच व्यवस्थेत जोडलेल्या होत्या. पेटीवरच्या नोंदीवरून मागे मागे जात थेट बागेपर्यंत पोहोचता यावे, हा तिचा हेतू. या कामातील राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा मांजरीच्या केंद्रात आहे. पुढे इतर फळे आणि भाज्यांनाही अशी व्यवस्था लागू झाली.

अशा नोंदवहीला 'वेब-अनुप्रयोग' म्हणतात. ती एका सर्व्हरवर असते आणि शेकडो लोक आपापल्या ठिकाणाहून ब्राउझरमधून ती वापरतात. आता विचार करा. फेब्रुवारी महिना आहे, द्राक्षे तोडणीला आली आहेत, शेकडो माणसे नोंदी करीत आहेत आणि अशा वेळी कोणी हौशी प्रोग्रामर चालू व्यवस्थेतच एक ओळ बदलून 'बघू काय होते ते' म्हणाला, तर? एखाद्या बागेची तारीख चुकली, तर फळ वेळेआधी तोडले जाईल किंवा वेलीवरच सडेल.

म्हणून नियम असा : बदल आधी आपल्या स्वतःच्या संगणकावर करायचा, तेथेच तो चालवायचा, तेथेच हवे तितके चुकायचे. आपल्या संगणकावर उभारलेल्या या छोट्या प्रयोगशाळेला 'स्थानिक विकास-परिसर' असे म्हणता येईल. आज आपण असा परिसर उभारू आणि त्यात एक छोटी नोंदवही बांधू. फवारणीची तारीख दिली, की द्राक्षे कोणत्या दिवसापासून तोडता येतील, ते ती सांगेल.

मागणारा आणि देणारा

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेऊ. कोणतेही वेबपान उघडताना दोन पात्रे असतात. ब्राउझर पान मागतो. सर्व्हर ते देतो. एरवी ही दोन पात्रे शेकडो किलोमीटर दूर असतात. पण ती दूरच असली पाहिजेत असे मुळीच नाही. एकच संगणक दोन्ही भूमिका करू शकतो.

वेबची सुरुवातच अशी झाली. १९९० साली स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला वेब सर्व्हर आणि पहिला ब्राउझर तयार केला, तो आपल्या टेबलावरील एकाच 'नेक्स्ट' संगणकावर. हा संगणक सर्व्हर आहे, कोणी बंद करू नये, अशी लाल शाईतली चिठ्ठीही त्यांनी त्यावर चिकटवली होती.

आपल्याच संगणकाला हाक मारण्यासाठी एक राखीव पत्ता ठरलेला आहे : १२७.०.०.१. त्याचे नाव 'लोकलहोस्ट'. हा पत्ता 'मी' या शब्दासारखा आहे. 'मी' हा शब्द प्रत्येक जण वापरतो, पण प्रत्येकाच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा. तसेच १२७.०.०.१ हा पत्ता ज्या संगणकावर टंकाल, तो संगणक स्वतःकडेच वळेल.

पत्त्यापुढे आणखी एक क्रमांक लागतो. त्याला 'पोर्ट' म्हणतात. वाड्याचा पत्ता एकच, पण आत बिऱ्हाडे अनेक असतात. कोणत्या बिऱ्हाडाचे दार ठोठावायचे, हे पोर्ट सांगतो. आपले बिऱ्हाड ५००० क्रमांकाच्या दारात असेल.

साहित्य

१. एक साधा संगणक. विंडोज किंवा लिनक्स, कोणताही चालेल. शाळेच्या संगणक-कक्षातला घेतलात, तर शिक्षकांची परवानगी घ्या.
२. पायथन ही संगणक-भाषा, तिसऱ्या पिढीची आवृत्ती.
३. आज्ञावली लिहिण्यासाठी एखादा साधा संपादक, उदाहरणार्थ व्हीएस कोड.
४. गिट. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेले हे साधन आपल्या प्रत्येक बदलाची आठवण ठेवते.
५. एक वही आणि पेन. हे साहित्य विसरू नका. शेवटी त्याचीच परीक्षा आहे.

पायथन आणि गिट दोन्ही विनामूल्य मिळतात. ती उतरवून घेताना आणि कृती पहिली करताना इंटरनेट लागेल. खाली दिलेल्या आज्ञांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. संगणकावर त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टंका.

कृती पहिली : प्रत्येक रोपाला वेगळी पिशवी

रोपवाटिकेत प्रत्येक रोप स्वतंत्र पिशवीत वाढवतात. एका पिशवीतले खत किंवा कीड दुसऱ्या पिशवीत जात नाही. संगणकातही असेच करायचे आहे. एका कामाला एका साधनाची जुनी आवृत्ती लागते, दुसऱ्याला नवी. दोन्ही एकाच ठिकाणी ठेवली, तर भांडण लागते. म्हणून प्रत्येक कामासाठी वेगळा 'आभासी परिसर' करतात.

कामासाठी एक नवा फोल्डर करा. त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा. टर्मिनल म्हणजे अक्षरांनी आज्ञा देण्याची खिडकी. तेथे 'पायथन' असे लिहून, जागा सोडून, वजाचे चिन्ह आणि त्याला जोडून 'एम' हे अक्षर लिहा. पुन्हा जागा सोडून 'व्हेन्व्ह' आणि शेवटी परिसराला द्यायचे नाव लिहा. एंटरची कळ दाबली, की त्या नावाचा उपफोल्डर तयार होईल. हीच आपली पिशवी. लिनक्सवर 'पायथन'च्या जागी 'पायथन३' लिहावे लागते.

पिशवी नुसती तयार करून भागत नाही, ती वापरात आणावी लागते. विंडोजमध्ये त्या उपफोल्डरातील 'स्क्रिप्ट्स' या कप्प्यातील 'ॲक्टिव्हेट' चालवा. लिनक्सवर 'बिन' या कप्प्यातील 'ॲक्टिव्हेट'ला 'सोर्स' या आज्ञेने चालवा. टर्मिनलच्या ओळीच्या आरंभी कंसात परिसराचे नाव दिसू लागले, म्हणजे तुम्ही पिशवीच्या आत आहात. ते दिसत नसेल तर पुढे जाऊ नका. नवशिक्यांच्या कितीतरी अडचणींचे मूळ येथेच असते.

आता 'पिप इन्स्टॉल फ्लास्क' ही आज्ञा द्या. फ्लास्क हा आर्मिन रोनाखर यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला, वेब-अनुप्रयोग बांधण्याचा एक सुटसुटीत सांगाडा आहे.

कृती दुसरी : पहिले पान

संपादकात 'ॲप' नावाची पायथनची फाइल करा. तिच्यात चारच गोष्टी हव्यात : फ्लास्क बोलावणे, त्यातून एक अनुप्रयोग निर्माण करणे, 'मुख्य पत्त्यावर कोणी आले तर पुढील काम कर' असे सांगणे, आणि त्या कामात एक वाक्य परत देणे. फ्लास्कच्या अधिकृत माहितीपत्रकातील पहिलेच उदाहरण नेमके एवढ्याच ओळींचे आहे. ते समोर ठेवून लिहा. परत द्यायचे वाक्य मात्र तुमचे असू द्या, उदाहरणार्थ 'मांजरीची द्राक्ष-नोंदवही'.

फाइल जतन करून 'फ्लास्क रन' ही आज्ञा द्या. टर्मिनलमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता आणि ५००० हा पोर्ट दिसेल. तो ब्राउझरमध्ये टंका. तुमचे वाक्य पडद्यावर येईल. टर्मिनलकडे पाहा : ब्राउझरने पान मागितल्याची एक ओळ तेथे उमटली असेल. मागणारा आणि देणारा दोघेही तुमच्या समोर आहेत!

'पत्ता आधीच वापरात आहे' अशा अर्थाचा संदेश आला, तर त्या दारात दुसरे बिऱ्हाड आहे असे समजा. बहुधा तुम्हीच आधी चालू केलेला सर्व्हर बंद करायचे राहिलेले असते. त्या टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि 'सी' या कळा एकत्र दाबल्या, की तो थांबतो.

एक प्रयोग : इंटरनेट बंद करून पाहा

सर्व्हर चालू ठेवा आणि संगणकाचे इंटरनेट बंद करा. आता पान पुन्हा उघडा. काय होईल असे वाटते? आधी वहीत अंदाज लिहा, मगच करून पाहा.

पान उघडते! मागणी आणि उत्तर दोन्ही संगणकाच्या आतच फिरतात. ती तारेतून किंवा हवेतून बाहेर पडतच नाहीत.

आता इंटरनेट चालू करा आणि शेजारच्या मैत्रिणीच्या संगणकावर तोच पत्ता टंकून पाहा. तेथे तुमचे पान दिसणार नाही. कारण उघड आहे : तिच्या संगणकाने 'मी' म्हटले, की तो स्वतःकडेच पाहतो. म्हणूनच येथे केलेली चूक बाहेर कोणालाही दिसत नाही आणि बाधत नाही.

कृती तिसरी : नोंदी ठेवण्याची जागा

नोंदी साठवायला माहितीकोश लागतो. आपण एसक्यूलाइट वापरू. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार केलेला हा माहितीकोश पायथनबरोबरच येतो आणि सर्व नोंदी एकाच फाइलमध्ये ठेवतो. आपल्या तक्त्यात चार रकाने पुरेत : बागेचा क्रमांक, औषधाचे नाव, फवारणीची तारीख आणि प्रतीक्षाकाळ. प्रतीक्षाकाळ म्हणजे फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचे ती संख्या. मांजरीचे केंद्र शिफारस केलेल्या औषधांची यादी प्रत्येकाच्या प्रतीक्षाकाळासह प्रसिद्ध करीत असते. आपण सरावासाठी काल्पनिक संख्या घेणार आहोत. खऱ्या बागेत त्या वापरू नका.

नोंदीही काल्पनिकच भरा. 'बाग क्रमांक १', 'औषध क' अशी नावे द्या. घरच्या संगणकावर खऱ्या शेतकऱ्यांची नावे आणि फोन क्रमांक कधीही आणू नयेत. प्रयोगाच्या जागी फाइली कशाही हाताळल्या जातात, मित्रांना दिल्या जातात, हरवतात. दुसऱ्याची माहिती अशा जागी ठेवणे योग्य नाही.

कृती चौथी : उत्तर आधी, आज्ञावली मागून

आता मुख्य काम. नियम सोपा वाटतो : फवारणीच्या तारखेत प्रतीक्षाकाळ मिळवला, की तोडणीची पहिली तारीख मिळते. पण आज्ञावली लिहिण्याआधी वही घ्या आणि पुढील उत्तरे दिनदर्शिकेवरून हाताने काढा.

१. फवारणी ३ फेब्रुवारी २०२५, प्रतीक्षा ३० दिवस. उत्तर : ५ मार्च २०२५.
२. फवारणी ३ फेब्रुवारी २०२४, प्रतीक्षा ३० दिवस. उत्तर : ४ मार्च २०२४. एक दिवस का कमी झाला? कारण २०२४ हे लीप वर्ष होते.
३. फवारणी १५ डिसेंबर २०२४, प्रतीक्षा ३० दिवस. उत्तर : १४ जानेवारी २०२५.
४. एकाच बागेत दोन फवारण्या. औषध 'क' १ जानेवारी २०२५ रोजी, प्रतीक्षा ६० दिवस. औषध 'ख' २० जानेवारी २०२५ रोजी, प्रतीक्षा १५ दिवस.

चौथ्या उदाहरणाशी थोडे थांबा. बहुतेक जण आज्ञावलीला सांगतात, 'शेवटची फवारणी घे आणि तिच्यात दिवस मिळव.' मग उत्तर येते ४ फेब्रुवारी. पण 'क' औषधाची मुदत २ मार्चला संपते! म्हणजे आपल्या नोंदवहीने द्राक्षे सव्वीस दिवस आधी तोडायला सांगितली. योग्य रीत अशी : प्रत्येक फवारणीची तारीख स्वतंत्र काढायची आणि त्यांतली सर्वांत उशिराची निवडायची. उत्तर २ मार्च २०२५.

ही हाताने काढलेली उत्तरे एका वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि संगणकालाच ती ताडून पाहायला सांगा. याला 'चाचणी' म्हणतात. आज्ञावलीत काहीही बदल केला, की सर्व चाचण्या पुन्हा चालवायच्या. क्षणभराचे काम असते.

पण चाचणीची मर्यादाही ओळखा. २०१० च्या हंगामात युरोपात पोहोचलेली आपली बरीच द्राक्षे अडकून पडली. त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश किलोग्रॅमला ०.०५ मिलिग्रॅम या तेथील मर्यादेपेक्षा जास्त आढळला. हे कीटकनाशक नव्हे. वेलीची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी ते वापरले जाई. निर्यातीपूर्वी तपासायच्या रसायनांच्या यादीत ते तेव्हा नव्हते. यादीतली तपासणी झालेली होती, पण यादीत जे नव्हते ते दिसले नाही. बागायतदारांचे आणि निर्यातदारांचे मोठे नुकसान झाले. नंतर ते रसायन यादीत आले.

आपल्या चाचण्याही तशाच आहेत. चौथे उदाहरण वहीत नसते, तर पहिल्या तीन चाचण्या उत्तीर्ण झाल्या असत्या आणि आपण निर्धास्त राहिलो असतो. म्हणून दर वेळी नवी चूक सापडली, की तिची एक चाचणी यादीत वाढवा.

'माझ्याकडे तर चालते!'

प्रोग्रामर मंडळींत हे वाक्य वारंवार ऐकू येते. घरच्या संगणकावर सर्व ठीक असते. सर्व्हरवर नेले, की बिघडते. असे का होते? दोन जागांची माती सारखी नसते म्हणून. चार फरक नेहमी तपासा.

पहिला, आवृत्तीचा. तुमच्याकडे फ्लास्कची एक आवृत्ती आणि तिकडे दुसरी असली, तर वागणे बदलू शकते. म्हणून 'पिप फ्रीझ' ही आज्ञा देऊन सर्व साधनांची नावे आणि आवृत्त्या मिळवा आणि त्या 'रिक्वायरमेंट्स' नावाच्या फाइलमध्ये जतन करा.

दुसरा, फाइलींच्या नावांचा. इंग्रजी नावातील अक्षर मोठे की लहान, याकडे विंडोज सहसा दुर्लक्ष करते. लिनक्स करीत नाही. बरेचसे सर्व्हर लिनक्सवर चालतात. घरी सापडणारी फाइल तेथे सापडत नाही, ती यामुळे. सर्व नावे लहान अक्षरांतच ठेवा.

तिसरा, तारीख लिहिण्याच्या पद्धतीचा. ०२/०३/२०२५ ही आपल्याकडे २ मार्च. अमेरिकी पद्धतीने वाचणारा संगणक तिला ३ फेब्रुवारी समजेल. प्रतीक्षा ३० दिवसांची असेल, तर खरे उत्तर १ एप्रिल. तो सांगेल ५ मार्च. सत्तावीस दिवसांचा फरक, आणि चुकीचा कोणताही संदेश नाही! उपाय : माहितीकोशात तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ठेवा, जसे २०२५-०३-०२. ही आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धत आहे.

चौथा फरक सर्वांत छुपा, घड्याळाचा. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. पुष्कळ सर्व्हर जागतिक वेळेवर लावलेले असतात. समजा, एखाद्या शेतकऱ्याने पहाटे पाचला फवारणी करून लगेच नोंद केली आणि आज्ञावलीने 'आजची तारीख' सर्व्हरला विचारली. सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. नोंद कालची झाली, प्रतीक्षा एक दिवसाने कमी झाली. घरच्या संगणकावर ही चूक दिसणारच नाही, कारण त्याचे घड्याळ भारतीय वेळ दाखवते. म्हणून आज्ञावलीत 'एशिया/कोलकाता' हा कालविभाग स्पष्ट सांगा आणि काही वेळ घरच्या संगणकाचा कालविभाग जागतिक वेळेवर ठेवून सर्व चाचण्या पुन्हा चालवा.

तात्पर्य, घरचा परिसर जितका खऱ्या जागेसारखा असेल, तितकी तेथील परीक्षा विश्वासार्ह.

आणखी दोन सावधगिरीच्या सूचना. माहितीकोशाचा किंवा सेवेचा पासवर्ड आज्ञावलीत लिहू नका. तो वेगळ्या फाइलीत ठेवा आणि 'गिटइग्नोर' या फाइलीत तिचे नाव लिहा, म्हणजे गिट ती उचलणार नाही. दुसरे, 'फ्लास्क रन'ने चालणारा सर्व्हर केवळ सरावासाठी आहे. चालू होताना तो स्वतःच तसे बजावतो. खऱ्या वापरासाठी वेगळे, भक्कम सर्व्हर असतात.

कृती पाचवी : खरी परीक्षा

आता ती वही काढा. पहिल्या आज्ञेपासून शेवटच्या आज्ञेपर्यंत तुम्ही जे जे केले, ते क्रमाने 'रीडमी' नावाच्या फाइलीत लिहा. कोणती आवृत्ती घेतली, कोणत्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडले, कोठे अडलात आणि मार्ग कसा काढला, सर्व लिहा. आज्ञावली, चाचण्या, 'रिक्वायरमेंट्स' आणि 'रीडमी' या फाइली गिटमध्ये जतन करा. परिसराचा उपफोल्डर मात्र जतन करू नका. रोप दुसरीकडे देताना आपण कृती देतो. पिशवी ज्याची त्याने भरायची असते.

मग हे सर्व एका मित्राला द्या आणि तुम्ही शांत बसा. बोलायचे नाही, बोट दाखवायचे नाही. त्याने केवळ तुमचे टिपण वाचून, कोऱ्या संगणकावर, नोंदवही उभी केली पाहिजे आणि चारही चाचण्या उत्तीर्ण झाल्या पाहिजेत. तो जेथे अडेल, तेथे टिपणात काहीतरी राहिले आहे. बहुधा तुम्हाला इतकी सवय झालेली असते, की ते लिहावेसेच वाटत नाही. ते भरा आणि दुसऱ्या मित्राला द्या.

शिक्षकांना एक सूचना : वर्गाचे दोन गट करून त्यांनी टिपणे अदलाबदल करावीत. आज्ञावली कोणाची चांगली, यापेक्षा टिपण कोणाचे निर्दोष, याला गुण द्यावेत.

करून पाहा

१. प्रतीक्षाकाळ ० दिवस असेल तर तोडणीची तारीख कोणती? तुमच्या आज्ञावलीचे उत्तर ताडून पाहा.
२. ज्या बागेत एकही फवारणी नोंदलेली नाही, तिला तुमची नोंदवही काय उत्तर देते? 'आजच तोडा' हे उत्तर बरोबर आहे का? नोंद नसणे आणि फवारणी नसणे यांत फरक आहे, हे लक्षात घेऊन उत्तर बदला.
३. कोणी चुकून पुढच्या महिन्यातली फवारणीची तारीख भरली, तर काय व्हावे? त्यासाठी एक चाचणी लिहा.
४. आभासी परिसराचा उपफोल्डर मुद्दाम पुसून टाका आणि केवळ स्वतःच्या टिपणावरून तो पुन्हा उभारा. किती मिनिटे लागली, ते वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात हाच प्रयोग पुन्हा करा.